रंग छान आला

माझे भावोजी लोकांना मोटार शिकवतात. म्हणजे दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत जीव मुठीत धरून बसायचं आणि चेहरा मात्र बागेत फिरायला आल्यासारखा ठेवायचा, हा त्यांचा धंदा. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो त्यांच्या अंगात इतका मुरलाय, की कोणाच्याही शेजारी बसले तरी पाय आपोआप दाबला जातो. एकदा आम्ही नाटकाला गेलो होतो. नायक भलत्याच मुलीला लग्नाचं विचारायला निघाला, तसा भावोजींनी पुढच्या खुर्चीला असा काही पाय दिला की त्या खुर्चीतले गृहस्थ मध्यंतरात जागा बदलून बसले.

इतका सावध माणूस, पण जिभेला ब्रेक नव्हता. त्यामुळे पोट वाढत गेलं. शिकणाऱ्याने गिअर बदलायला हात घातला की तो आधी भावोजींच्या पोटाला लागे. कोणी काही बोलत नसे. पण गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका गाडी शिकायला आल्या. जन्मभर भाषा हा विषय शिकवलेला, त्यामुळे आडपडदा नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, गिअर कुठे संपतो आणि तुम्ही कुठे सुरू होता, ते एकदा नीट सांगा."

भावोजींच्या ते जिव्हारी लागलं. साखर, भात, पाव, बटाटा, सगळं बंद. अंडी, मासे, लोणी आणि पालेभाज्या यांच्यावर माणूस जगू लागला. असं खाल्लं की शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं, आणि चरबी जळली की लघवीत कीटोन नावाचा पदार्थ उतरतो. तो उतरला की नाही, हे बघायच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. पट्टीच्या टोकाला एक छोटा चौकोन असतो. तो लघवीत बुडवायचा, बाटलीवर लिहिलेत तितके सेकंद थांबायचं आणि बाटलीवरच्या रंगांच्या खान्यांशी ताडून पाहायचं. पहिला खाना बदामी, म्हणजे काहीच नाही. मग फिका गुलाबी, मग गडद गुलाबी आणि शेवटी ताज्या वांग्यासारखा जांभळा.

भावोजींना तो वांगी रंग हवा असायचा. आणि रंग ठरवायचा मान होता त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाईंचा. या वयातही आपल्याला चष्मा लागत नाही, हे त्या दारात आलेल्या टपालवाल्यालासुद्धा सांगतात. रोज सकाळी भावोजी बाथरूमच्या दारातून पट्टी बाहेर काढत, सासूबाई ती चिमट्याने धरून खिडकीशी नेत आणि निकाल जाहीर करत. "आज छान आलाय हो रंग!" किंवा, "आज फिका. काल कोणाकडे काय हाणलंस?" एकदा भावोजी शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी दोन बिस्किटं खाऊन आले होते. सासूबाईंनी ती दुसऱ्या दिवशी पट्टीतून बरोबर बाहेर काढली. त्या दिवसापासून घरात त्यांच्या शब्दाला न्यायालयाचं वजन आलं.

आता त्याच घरात माझी ताई राहते, आणि ती कॉलेजात असल्यापासून इन्सुलिनवर आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. तिच्यासाठी या पट्टीचा अर्थ नेमका उलटा. तापाने किंवा उलट्यांनी ती आजारी पडली आणि पट्टीवर वांगी रंग आला, तर समजायचं की रक्तात आम्ल साठतंय. मग घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर माणूस हातचं जातं. लग्नाआधी आमची आई पट्टी बघायची आणि ती बदामी राहिली की म्हणायची, "छान, काही नाही." ताईच्या कानात "छान" हा शब्द असा बसलेला. भावोजी रंग आणायला धडपडायचे, ती रंग येऊ नये म्हणून जपायची. आणि दोघांची बाटली एकच, बाथरूमच्या फळीवरची. पण भावोजींचं खाणं बदलल्यापासून ताई एकदाही आजारी पडली नव्हती. त्यामुळे एकाच घरात "छान"चे दोन अर्थ नांदताहेत, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या सोमवारी ताईला ताप होता. पहाटेपासून उलट्या. भावोजी कामावर जायला तयार नव्हते.

"जा हो तुम्ही," ताई पलंगावरून म्हणाली. "तुम्ही इथे बसून काय करणार? माझ्या पोटाला ब्रेक लावणार?"

"पट्टी बघितलीस?"

"बघते ना. आई आहेत. फोन करायला लावते त्यांना."

"लगेच हं. बघितलीस की लगेच."

भावोजी गेले. त्या दिवशीच्या पहिल्या शिकाऊ होत्या मुख्याध्यापिकाबाई. कित्येक महिने झाले, पण बाई दुसऱ्या गिअरच्या वर गेल्या नव्हत्या. तिसरा गिअर म्हणजे बेशिस्त, असं त्यांचं मत. छपरावर शिकवणीची पाटी, मागे भोंग्यांचा कल्लोळ, आणि बाई वर्गात गस्त घालावी तशा निवांत. भावोजींचं मात्र लक्ष समोर लावलेल्या फोनवर.

फोन वाजला तेव्हा गाडी नदीवरच्या लांब पुलावर चढत होती. भावोजींनी तो स्पीकरवर घेतला.

"बघितली रे पट्टी," सासूबाईंचा आवाज आला. "छान आलाय रंग!"

"नक्की?"

"नक्की म्हणजे? माझे डोळे शाबूत आहेत अजून. खिडकीशी नेऊन बघितला. एकदम छान. तुझ्याही वरताण!"

"आणि ती कशी आहे?"

"तिलाही सांगितलं, छान आलाय म्हणून. बरं वाटलं पोरीला, पडली लगेच. झोपू दे तिला. तू तुझं काम कर."

फोन बंद झाला. भावोजींनी खिडकीची काच खाली केली आणि सकाळपासून छातीत अडकलेला श्वास सोडला. "सुटलो," ते म्हणाले. "बाई, आज तुम्हाला तिसरा गिअर शिकवतो."

बाईंनी गिअरकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या डोक्यात एक शब्द अडकला होता, आणि अडकलेला शब्द सोडवल्याशिवाय त्या पुढे जात नाहीत.

"तुमच्या मातोश्री म्हणाल्या, 'तुझ्याही वरताण'. कशात हो वरताण?"

"रंगात."

"म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त रंग?"

"हो ना. म्हणजे बघा, मी हल्ली खाण्याचं पथ्य करतो. माझा रंग जितका गडद, तितकं चांगलं. आणि हिचा..."

भावोजी थांबले. बाई सांगतात, इतका वेळ बडबडणारा माणूस एकदम असा गप्प झाला की त्यांना वाटलं आपण कोणाला तरी धडक दिली.

"हिचा," भावोजी म्हणाले, "काहीच यायला नको होता."

त्यांनी घरी फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ताईच्या मोबाइलवर लावला, तोही वाजत राहिला. सुनेची झोप मोडू नये म्हणून सासूबाईंनी दोन्ही फोन उशीखाली सारले होते, त्यावर आणखी एक उशी. त्यांच्या मते आजची सकाळ फार चांगली चालली होती.

मग भावोजींनी ताईच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लगेच मिळाले.

"रंग कुठला आला?"

"छान."

"अहो, छान हा रंग नाही."

"गडद, डॉक्टर. माझ्यापेक्षा गडद."

"उलट्या आहेत? सकाळचं इन्सुलिन घेतलं होतं?"

"उलट्या आहेत. इन्सुलिनचं... ठाऊक नाही."

"किती वेळात घरी पोहोचता?"

"पूल उतरलो की आलोच."

"मग वाट बघू नका, त्यांना घ्या आणि थेट इमर्जन्सीला आणा. मी सांगून ठेवतो."

पुलावर थांबायला मनाई होती. पूल उतरताच भावोजी म्हणाले, "बाई, गाडी बाजूला घ्या. मी बसतो तिथे." त्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच राहिले. पाचावर धारण बसणे म्हणजे काय, हे बाईंनी हजारो मुलांना वाक्यात उपयोग करायला दिलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी. भावोजींच्या बोटांना सीटच्या पट्ट्याचं बटण सापडत नव्हतं, ते भलतीकडेच दाबत होते.

"दार लावा," बाई म्हणाल्या. "या हातांनी तुम्ही चालवणार? रस्ता सांगा."

आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला. गाडीने आचका दिला, पण सुटली. मागचे भोंगे मागे पडले. पण थोडं गेल्यावर गाडी पुन्हा रांगायला लागली. बाई अॅक्सिलरेटर दाबताहेत, इंजिन ओरडतंय, आणि गाडी पळायला तयार नाही.

"अहो सर, पाय काढा!"

"कुणी?"

"तुम्ही! ब्रेकवरून पाय काढा तुमचा!"

भावोजींनी खाली पाहिलं. पाय ब्रेकवर दाबलेला होता. त्यांनी तो उचलून सीटवर घेतला आणि हातांनी घट्ट धरून ठेवला, जसं एखादं ओढाळ वासरू धरावं. "चला," ते म्हणाले. "जोरात चला, बाई."

आयुष्यभर शिकणाऱ्यांना "सावकाश" सांगितलेल्या माणसाने "जोरात" म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

घराचं दार सासूबाईंनी उघडलं. ओठांवर बोट. "हळू! गाढ झोपलीय."

भावोजी त्यांना बाजूला सारून आत गेले. ताई पाठीवर पडली होती. डोळे अर्धवट, ओठ कोरडे आणि श्वास खोल, मोठा, भराभर. धावून आलेल्या माणसाचा असावा तसा, आणि ती तर तासभर पलंगावरून हललीही नव्हती. खोलीत नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास भरला होता. सासूबाईंना तो जाणवला नव्हता असं नाही. पण गेले कित्येक महिने लेकाच्या तोंडाला तसाच वास येत होता, आणि तो पथ्य लागू पडल्याचा वास आहे असं लेकानेच त्यांना सांगितलं होतं.

"अगं, ऊठ. ऊठ बघू."

ताईने डोळे उघडले, पण नजर भलतीकडे. "रंग छान आलाय ना?" ती पुटपुटली. "आई म्हणाल्या."

भावोजींनी आईकडे पाहिलं. "इन्सुलिन घेतलं होतं हिने?"

"नाही. मीच म्हटलं, पोटात काही नाही तर इंजेक्शन कशाला? साखर उतरेल ना. ती नको नको म्हणत होती, पण मग उलटी झाली आणि..." सासूबाईंचा आवाज बारीक होत गेला. "काय झालं रे? छान होता ना रंग?"

आजारी असताना पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, हे ताईला माहीत होतं. पण उलट्यांनी गळून गेलेल्या माणसाचं माहीत असणं फारसं कामाला येत नाही. खिडकीच्या कडेला ती पट्टी अजून पडली होती. टोक वांग्यासारखं जांभळं.

लिफ्ट नव्हती. भावोजी आणि बाईंनी ताईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन मजले खाली उतरवलं. बाई खालच्या बाजूने, आणि दर पायरीला, "सांभाळा. आता पायरी. सांभाळा," अशा सूचना, जणू सहलीला निघालेल्या मुली उतरवताहेत. सासूबाई मागून नुसत्या कठडा धरून उतरत होत्या.

आता चावी भावोजींनी घेतली. हात आता ठिकाणावर आले होते, किंवा चुकायला वेळ उरला नव्हता. मागे बाई, त्यांच्या मांडीवर ताईचं डोकं. पुढची जागा उरली ती जादा ब्रेकची, आणि तिथे बसायला उरल्या सासूबाई.

"आई, पाय वर घे. मांडी घालून बस."

"गाडीत मांडी?"

"मांडी घाल! खाली पाय लावायचा नाही."

सासूबाई मांडी घालून बसल्या, हात जोडलेले, डोळे समोर. भावोजींनी गाडी काढली. मागे बाईंचा आवाज सुरू झाला.

"झोपायचं नाही. डोळे उघडे ठेवा. पाढा म्हणा सतराचा."

"सतरा एके सतरा," ताई म्हणाली. "सतरा दुणे... चौतीस."

"शाब्बास. पुढे?"

"सतरा त्रिक एक्कावन्न."

चौकात लाल दिवा लागला. भावोजींनी जन्मात कधी लाल दिवा तोडला नाही, त्या दिवशीही तोडला नाही. पण त्या दिव्याकडे त्यांनी असं काही पाहिलं, की तो हिरवा झाला तो त्यांच्या धाकानेच झाला असेल. समोरच्या रिक्षावाल्याने आरशातून शिकवणीची पाटी पाहिली आणि हसला. मग त्याने मागच्या सीटवर पाहिलं आणि स्वतःहून बाजूला झाला.

"सतरा चोक?" बाई विचारत होत्या.

"अडुसष्ट."

"सतरा पाचे?"

उत्तर आलं नाही.

"सतरा पाचे?" बाईंनी पुन्हा विचारलं. आवाज चढला. "सांगा! मुख्याध्यापिका विचारताहेत. सतरा पाचे?"

सासूबाईंनी मांडी आणखी घट्ट केली. भावोजींनी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहू नये, हे ते पहिल्याच दिवशी शिकवतात. त्यांनी आरशात पाहिलं. ताईचे डोळे मिटलेले होते, आणि श्वास मात्र तसाच चालू होता, खोल, मोठा, भराभर.

"पंच्याऐंशी," बाईच म्हणाल्या. आणि मग पाढा त्या एकट्याच म्हणत राहिल्या, हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

मला निरोप मिळाला तेव्हा मी कचेरीत होतो. पोहोचलो तेव्हा ताई आत होती. एका नळीतून सलाइन, दुसरीतून इन्सुलिन थेंब थेंब. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, रक्तात आम्ल फार झालंय, ते हळूहळूच उतरवावं लागतं, घाई करून चालत नाही. पुढचे काही तास बघू.

भावोजी बाकावर बसले होते. बाई उभ्या होत्या, कारण बाकावर बसून वाट बघणं त्यांना जमत नाही. सासूबाई कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीशी. मी जाऊन शेजारी बसलो. मला त्या अहो-जाहो करतात, त्या दिवशी एकेरीवर आल्या.

"मी छान म्हटलं रे," त्या म्हणाल्या. "तिने ऐकलं आणि डोळे मिटले. माझ्या एका शब्दावर डोळे मिटले तिने."

विनोद हा माझा धंदा, पण तिथे एकही कामाचा निघाला नाही. भावोजी उठून आले आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"आई, तो शब्द मीच तुला शिकवला."

"शिकवलास तू. पण म्हटला मी."

दर थोड्या वेळाने नर्स आत जायची, बाहेर यायची, आणि भावोजी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. नर्सेसचे चेहरे म्हणजे बंद दुकानं, बाहेरून काही कळत नाही. संध्याकाळ होत आली तेव्हा ती दारात थांबली आणि म्हणाली, "कीटोन उतरताहेत. जाग्या झाल्यात. एकेकाने जा."

भावोजी आत गेले आणि थोड्याच वेळात बाहेर आले. "तुला बोलावतेय," ते आईला म्हणाले.

"मला? मी नाही जात. कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा."

सासूबाई गेल्या. आत काय बोलणं झालं, ते दोघींनी आजवर सांगितलेलं नाही. आम्ही विचारलंही नाही. फक्त बाहेर आल्या तेव्हा सासूबाईंचा पदर ओला होता, आणि कित्येक तासांनी पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं.

घरी आल्यावर भावोजींनी पथ्य सोडलं नाही, पण त्यांची बाटली वेगळी झाली. ताईच्या बाटलीला लाल कागद चिकटवला गेला. सासूबाईंनी मात्र दोन्ही बाटल्यांना हात लावायचं सोडलं. भावोजींचा निकालसुद्धा बघेनात. "मला नाही दिसत हल्ली," म्हणायच्या. ज्यांना चष्मा लागत नाही, त्यांनी असं म्हणावं, याहून मोठी शिक्षा त्यांना कोणी देऊ शकलं नसतं.

दोन-तीन महिन्यांनी ताईला सर्दी-ताप झाला. मी तिला बघायला गेलो होतो. भावोजी कामावर. ताई बाथरूममधून पट्टी घेऊन आली आणि मला न देता सरळ सासूबाईंपुढे धरली.

"बघा."

"मी नको गं. हा आहे ना, तुझा भाऊ. तो बघेल."

"याला गुलाबी आणि केशरी कळत नाही. लग्नात कुठल्या रंगाचा शर्ट घालून आला होता, आठवतंय? तुम्ही बघा."

"नाही. नको."

"आई, मी घरात असते तेव्हा तुम्हीच असता. उद्या माझे डोळे पुन्हा मिटले तर कोण बघणार?"

सासूबाईंनी पट्टीकडे न बघता आधी ताईकडे बघितलं. मग पट्टी आणि बाटली घेऊन खिडकीशी गेल्या. पट्टी बाटलीवरच्या पहिल्या खान्याशी धरली, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. त्यांच्या ओठांवर एक शब्द आला, मला तो येताना दिसला, आणि त्यांनी तो गिळला.

"आता सांगा की!" ताई म्हणाली.

"थांब गं जरा. पहिला खाना," सासूबाई म्हणाल्या. "अगदी पहिला. बदामी. तूही बघ." आणि पट्टी घेऊन त्या पलंगाशी आल्या, खाली वाकल्या, आणि ताईचं बोट धरून त्या खान्यावर ठेवलं.